वजनाचा भाव, घावाचं मोल
(भंडारा येथील जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसावर आणि ज्वारीवर बोलणं झालं. आता थोडा वेळ आम्ही लोखंडाबद्दल आणि पितळेबद्दल बोलणार आहोत. भाव मिळत नाही म्हणून इथं जमायचं आणि लोहार-कासाराच्या गोष्टी ऐकायच्या, हे काय, असं कोणाला वाटेल. पण या गोष्टीत आपलाच हिशेब आहे. शेवटपर्यंत ऐकाल तर तो तुमच्या लक्षात येईल.

भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. तुमच्यापैकी पुष्कळ जण कोरडवाहू मुलखातून आले आहेत. तुमचं घर कापसावर आणि ज्वारीवर चालतं. तरी भंडाऱ्याचं नाव तुमच्या आजीला ठाऊक होतं, आणि ते धानामुळे नव्हे, पितळेमुळे. भाण म्हणजे पितळेचं भांडं आणि त्यावरून भंडारा, असं इथले लोक सांगत आले आहेत. इथं भांडी घडत होती आणि कापूस-ज्वारीच्या गावात ती विकली जात होती. कापूस चांगला गेला की घरात एक गुंड जास्त यायचा. पोळ्याला बैलाच्या शिंगांना पितळी शेंब्या आणि गळ्यात घागरमाळ यायची. इथल्या कासाराची भट्टी तुमच्या बोंडावर पेटत होती.

खाती आणि पाऊस

आधी लोखंडाचं पाहू. आपल्याकडे लोहाराला खाती म्हणतात. पावसाने उघडीप दिली, जमिनीला वापसा आला, की डवरणीला दोन दिवस मिळतात, फार तर तीन. त्या दोन दिवसांत डवऱ्याची पास वाकली किंवा तिची धार गेली तर तण वर येतं आणि पऱ्हाटी खाली राहते. मग त्या एका पासेपायी चार बायांची निंदणी लागते. पासेचे पैसे वाचवायला गेलेला माणूस निंदणीत त्याच्या कितीतरी पट घालवतो. म्हणून पास कोणत्या लोखंडाची आहे आणि तिला पाणी कसं दिलं आहे, हा प्रश्न बियाण्याइतकाच महत्त्वाचा आहे.

सगळं लोखंड सारखं नसतं. बांधकामाच्या साध्या पट्टीत कोळशाचा अंश, म्हणजे कर्ब, शेकडा पाव टक्क्याच्या आतच असतो. ती तापवा, पाण्यात विझवा, काही केलं तरी फारशी कडक होत नाही. ट्रकच्या कमानीच्या पट्ट्यात कर्ब साधारण अर्धा ते पाऊण टक्का असतो. तेवढ्यानं सगळा फरक पडतो. ते पोलाद पाणी धरतं. म्हणून जाणता खाती मोडीच्या दुकानातून कमानीचे जुने पट्टे शोधून आणतो आणि त्यांतून पास, विळा, कोयता घडवतो.

हा फरक तुम्हालाही ओळखता येतो. सहाणेच्या चाकावर तुकडा धरा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात. पोलादाच्या ठिणग्या टोकाला फुटतात, फुलबाजीसारख्या. तयार हत्याराच्या धारेवर कानस घासून पाहा. कानस घसरून गेली तर पाणी चढलेलं आहे. कानस चावली, लोखंडाचा कीस निघाला, तर वर कितीही चकचकीत रंग असू द्या, आत पाणी नाही.

आता पाणी देतात कसं? भट्टीत पट्टा पिकल्या बोरासारखा लाल होईपर्यंत तापवायचा. ती उष्णता साधारण 800 ते 850 अंश सेल्सिअस असते. खात्याजवळ मोजायचं यंत्र नाही, त्याचे डोळे हेच यंत्र. म्हणून तो भट्टी सावलीत, जरा अंधाऱ्या जागी ठेवतो. उन्हात लाल रंग कळत नाही आणि लोखंड जास्त तापून जळतं. पांढरं होऊन ठिणग्या उडायला लागल्या की ते पोलाद कामातून गेलं. मग धारेकडचा भाग विझवायचा. कमानीच्या पोलादाला पाण्यात तडा जाण्याची भीती असते, म्हणून अनेक जण तेलात विझवतात.

पण इथं काम अर्धंच झालं. नुसतं विझवलेलं पोलाद काचेसारखं असतं, दगड लागला की तुटतं. म्हणून धार दगडानं घासून उजळ करायची आणि मागच्या भागात राहिलेली उष्णता धारेकडे येऊ द्यायची. उजळलेल्या जागी रंग चढत जातात. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, साधारण 220 ते 230 अंशांना. मग तपकिरी, मग जांभळा, आणि 300 अंशांच्या आसपास निळा. ज्वारी कापायचा विळा पिवळ्या-तपकिरी रंगावर थांबवायचा, म्हणजे धार टिकते. गोटाळ जमिनीतली पास जांभळ्या-निळ्यावर न्यायची, म्हणजे दगडाला लागून वाकली तरी तुटत नाही. हवा तो रंग दिसला की लगेच पुन्हा विझवायची. डोळ्याची पापणी लवेल तेवढ्या वेळात हा निर्णय होतो. तुमच्या रानात गोटे आहेत की गाळ आहे हे खात्याला माहीत असतं, म्हणून तो तुमच्या रानाची पास घडवतो. दूरच्या कारखान्यातून येणारं हत्यार सगळ्या रानांसाठी एकच असतं.

जुन्या कुऱ्हाडीचं अंग साध्या लोखंडाचं आणि धार पोलादाची असायची. दोन्ही तापवून, मध्ये टाकणखार किंवा बारीक वाळू टाकून, घणानं एकजीव करत. कुठं कडकपणा हवा आणि कुठं लवचिकपणा, हे न शिकलेल्या म्हणवल्या गेलेल्या माणसाला पक्कं माहीत होतं.

बैलगाडीच्या चाकाची धाव चढवताना तर पुस्तकातलं शास्त्रच अंगणात येतं. धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात. गोवऱ्यांच्या जाळात ती गोल तापवतात. सव्वाचार मीटर घेराची धाव पाचशे अंशांनी तापली की तिचा घेर अडीच-तीन सेंटिमीटरनं वाढतो. तेवढ्यात ती चाकावर ठोकून बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. धाव आवळते आणि लाकडाचे सगळे सांधे घट्ट करते. किती लहान करायची, हा अंदाज चुकला तर एक तर धाव निघून येते, नाही तर आरे मोडतात.

हे काम एकट्याचं नाही. एक जण भाता चालवतो, एक सांडशीनं पट्टा धरतो, एक घण मारतो. गावाच्या कडेला पाल टाकून राहणाऱ्या घिसाड्यांकडे घण पुष्कळदा बाईच्या हातात असतो. मायबहिणींनो, तुमच्या हातातल्या विळ्याच्या धारेत त्या बाईचे घाव आहेत.

लोखंड कुठून आलं, कुठं गेलं

आज लोखंड म्हटलं की कारखाना आठवतो. पण विदर्भाच्या पूर्वेकडे आणि छत्तीसगडाकडे जंगलातले लोक मातीच्या लहान भट्ट्यांत, लाकडी कोळशावर, दगडातून लोखंड काढत होते. चांद्याकडे लोहारा नावाचं गाव आहे. नावातच धंदा आहे. तिथली लोहखनिजाची टेकडी इतकी कसदार की जर्मन तज्ज्ञ फॉन श्वार्त्स यांचा 1882 सालचा अहवाल वाचून जमशेटजी टाटांच्या मनात पोलादाच्या कारखान्याची कल्पना आली. पुढे दोराबजी टाटा आणि त्यांचे तज्ज्ञ वेल्ड या भागात हिंडले. लोहाऱ्याला खनिज होतं, पण जवळच्या कोळशानं भट्टीचं काम भागेना. 1904 साली नागपूरच्या संग्रहालयात त्यांनी भूगर्भाचा एक नकाशा पाहिला. तो पी. एन. बोस यांनी तयार केला होता. त्यावरून शोध दुर्ग जिल्ह्याकडे वळला. अखेर 1912 साली पोलाद निघालं ते जमशेदपुरात.

त्याआधीच रेल्वे आली होती. 1867 साली ती नागपूरला पोचली, आणि 1880 नंतरच्या दशकात रूळ भंडाऱ्यावरून छत्तीसगडाकडे गेले. त्याच रुळांवरून विलायती लोखंडाच्या स्वस्त पट्ट्या आल्या आणि जंगलातल्या भट्ट्या विझत गेल्या. भट्टीवाल्याचं लोखंड वाईट होतं म्हणून ती विझली असं कोणी समजू नये. कोळशासाठीची झाडं जंगलखात्याच्या कायद्यात गेली आणि बाजार रुळांवर गेला. खात्यानं मग तयार पट्टी विकत घेऊन काम सुरू ठेवलं. खाण त्याच्या हातून गेली, पण हुन्नर हातात राहिला.

आज भंडारा जिल्ह्यात काय आहे पाहा. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथं मँगनीजच्या खाणी आहेत. मँगनीज नसेल तर चांगलं पोलाद होत नाही. वरठीला मोटारींसाठी पोलाद तयार करणारा मोठा कारखाना आहे. म्हणजे खनिज इथलं आणि पोलादही इथलं. पण खेड्यातल्या खात्याला चांगल्या पोलादाचा पट्टा हवा असेल तर तो ट्रक भंगारात जाण्याची वाट पाहतो. कापूस आपला आणि कापड बाहेरचं, ही गोष्ट तुम्हाला वेगळी समजावून सांगायला नको.

पितळेत नक्षी कशासाठी

आता पितळेकडे येऊ. तांबं आणि जस्त मिळून पितळ, तांबं आणि कथील मिळून कासं. पितळेत दोन भाग तांबं आणि एक भाग जस्त असं मोटं प्रमाण धरा. ऐकायला सोपं, करायला अवघड. तांबं वितळायला 1085 अंश लागतात आणि जस्त 907 अंशांनाच उकळून धूर होऊन जातं. म्हणून आधी तांबं वितळवायचं, वर कोळशाचा थर ठेवायचा आणि जस्त शेवटी, बेतानं आत दाबायचं. चुकलं तर जस्त उडून जातं, आणि तो पांढरा धूर ओतणाऱ्याच्या छातीत जातो. संध्याकाळी त्याला थंडी वाजून ताप भरतो. भांड्याच्या किमतीत हा ताप कोणी धरत नाही.

ओतलेल्या पितळेचा पत्रा करून त्याचं भांडं ठोकून काढतात. ठोकता ठोकता पितळ कडक होतं आणि तडकायला येतं. मग ते मंद लाल होईपर्यंत तापवून मऊ करायचं आणि पुन्हा ठोकायचं. एका घागरीसाठी हे किती वेळा करावं लागतं हे कासारालाच विचारा. कडेनं दोन भाग जोडायचे तर टाकणखार आणि डाकाची पूड लागते. आतून कल्हई करायची तर भांडं तापवून त्यात नवसागर टाकायचा. कथील 232 अंशांना वितळतं, ते भांड्याच्या अंगाला पसरवायचं. पसरवायला काय वापरतात? कापसाचा बोळा. तुमचा कापूस तिथंही आहे. कल्हई नसेल तर पितळेत ताक आणि चिंच कळकते आणि अन्न बाधतं.

कासं पोलादाच्या उलट वागतं. पोलाद लाल करून विझवलं तर कडक आणि ठिसूळ होतं. ताटा-वाट्यांचं कासं, ज्यात शेकडा बावीसच्या आसपास कथील असतं, ते लाल असतानाच ठोकावं लागतं, आणि विझवलं तर त्याचा ठिसूळपणा उतरतो. गार कासं आपटलं तर फुटतं. ज्यानं हे पहिल्यांदा ओळखलं त्याचं नाव कोणाला ठाऊक नाही. त्याचं ज्ञान मात्र हजारो हातांतून आपल्या ताटापर्यंत आलं.

आता नक्षीचं. तांब्याच्या बंबावर, घागरीवर सारख्या अंतरावर हातोडीचे लहान लहान ठसे तुम्ही पाहिले असतील. पुण्याच्या तांबट आळीत त्याला मठारकाम म्हणतात. शहरातले लोक ते शोभेसाठी घेतात. पण तो प्रत्येक ठसा म्हणजे पत्र्याला दिलेली ताकद आहे. मऊ केलेल्या पितळेपेक्षा ठोकलेलं पितळ दुपटीहून जास्त कडक होऊ शकतं. पातळ पत्र्याचं भांडं पिढ्यान्पिढ्या पोचा न पडता चालतं ते या घावांमुळे. अडकित्त्याच्या दांडीवर मोर असतो, तो मोर बोटांना पकड देतो. शिंगाच्या टोकावरची शेंबी बैलाला शोभते, आणि शिंग चिरण्यापासून वाचवते. आपल्या कारागिरांनी शोभा वेगळी आणि काम वेगळं असं कधी केलं नाही.

पितळ ही आपली बँक होती

या पितळेचा शेतकऱ्याच्या घरी आणखी एक उपयोग होता. पिकलं त्या वर्षी भांडं घ्यायचं, बुडालं त्या वर्षी गहाण टाकायचं किंवा मोडायचं. पितळेला मोड होती. जुनं भांडं वजनावर घेत आणि थोडी घट धरून पैसे देत. सावकाराकडे जाण्याआधीची ही शेवटची पायरी होती आणि ती बाईच्या हातात होती. माहेरून आलेली पाच भांडी हा तिचा स्वतःचा ठेवा असे. 1972-73 च्या दुष्काळात हंडे आणि गुंड मोडीच्या दुकानात गेल्याच्या आठवणी अजून घराघरात सांगतात.

लोक म्हणतात, स्टीलनं पितळ मारलं. यात खोटं काही नाही. स्टीलला कल्हई लागत नाही, घासायला सोपं, वजनाला हलकं. बाईचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण एवढ्यानं हिशेब पुरा होत नाही. जुनी पितळ मोडली तेव्हा तिच्या जागी पुन्हा पितळ घ्यायला पैसा का उरला नाही, हेही विचारलं पाहिजे. ज्या घरात वर्षाच्या शेवटी काही उरतं, ते घर टिकाऊ वस्तू घेतं आणि तिच्यावर हौसही करतं. ज्या घरात काही उरत नाही ते आज स्वस्त काय आहे तेवढंच पाहतं. कोरडवाहू शेतात उरणं थांबलं तसं भंडाऱ्याच्या कासाराच्या दारात येणं थांबलं. ते दोन धंदे वेगवेगळे बुडालेले नाहीत.

वजनाचा भाव

आता मूळ मुद्दा. पूर्वी खात्याला बलुतं होतं. थोरल्या ओळीतला बलुतेदार म्हणून त्याला खळ्यावर धान्य मिळे. त्या पद्धतीचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. तीत जात होती, लाचारी होती आणि खळ्यावर हात पसरून उभं राहणं होतं. पीक बुडालं की खातीही उपाशी राहायचा. ती गेली हे बरं झालं. पण तिच्या जागी जो रोखीचा व्यवहार आला, त्यात कारागिराचं मोल वजनावर आलं. विळा केवढ्याचा? तर लोखंड किती आणि किलोचा भाव किती. घागर केवढ्याची? काट्यावर ठेवा. समजा, विळ्यात पाव किलो लोखंड आहे. त्या पाव किलोत कोळसा किती जळला, घाव किती पडले, रंग ओळखायला शिकण्यात उमर किती गेली, हे काट्यावर चढत नाही.

आपल्या कापसाचं तरी वेगळं काय होतं? काट्यावर क्विंटल चढतो. पाऊस हुकला तेव्हाची दुबार पेरणी चढत नाही, रात्रीचं जागल चढत नाही. वजनाच्या भावात माणसाचं कसब गडप होतं, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. म्हणूनच शेतकऱ्यानं तरी खात्याशी वजनाच्या काट्यानं बोलू नये. ज्याला आपल्या घामाचा हिशेब हवा, त्यानं दुसऱ्याच्या घावाचा हिशेब मांडायला पहिलं पाऊल टाकावं.

हा दयेचा विषय नाही. यात आपलाच फायदा आहे. गुलाबी बोंडअळीनं 2017 साली कपाशीची काय दैना केली हे सगळ्यांच्या लक्षात आहे. हंगाम संपला की पऱ्हाटी मुळासकट उपटून रान मोकळं करावं लागतं. पऱ्हाटी उपटायचा चिमटा तुमच्या हाताच्या उंचीचा आणि तुमच्या पऱ्हाटीच्या जाडीचा कोण करून देतो? गावचा खाती. तो गेला तर दुकानात मिळेल तो घ्यायचा आणि कंबर मोडून घ्यायची.

सरकारनं 17 सप्टेंबर 2023 रोजी विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्या अठरा धंद्यांच्या यादीत लोहार आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज 500 रुपये, हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत, आणि 5 टक्के व्याजानं आधी 1 लाख, मग 2 लाखांपर्यंत कर्ज असं तिचं स्वरूप जाहीर झालं. पितळेची भांडी घडवणाऱ्याचा वेगळा उल्लेख त्या अठरांत नाही. ज्याला मिळतं त्यानं जरूर घ्यावं. पण हत्यारांच्या पेटीनं धंदा चालत नाही. धंदा गिऱ्हाइकानं चालतो, आणि खात्याचं गिऱ्हाईक म्हणजे आपण.

म्हणून या बैठकीपुढे आम्ही चार साध्या गोष्टी ठेवतो.

पहिली. पासा, फाळ आणि विळे मृगाच्या तोंडावर खात्याकडे नेऊ नका. चैत्र-वैशाखातच गावानं एकत्र यादी करून काम द्यावं. त्याला सवड मिळते, एका भट्टीत दहा पासा निघतात, कोळसा वाचतो आणि काम चोख होतं.

दुसरी. लोखंडाचे पैसे आणि घडणावळ वेगवेगळी बोला. कमानीचे चार-दोन पट्टे गावानं मिळून आणून दिले तर लोखंडाचा प्रश्न मिटतो आणि घडणावळीचा आकडा दोघांनाही उघडा दिसतो. घडणावळ उधारीवर ठेवू नका.

तिसरी. नवी पास घेताना कानस लावून पाहा. पाणी नसेल तर परत करा. मग ती खात्याकडची असो की दुकानातली. चांगल्या कामाला चांगले पैसे द्यायचे तर वाईट काम परतही गेलं पाहिजे. पारखी गिऱ्हाईक असेल तर कारागीर सुधारतो.

चौथी मायबहिणींसाठी. घरात जुनं पितळ किंवा कासं असेल तर ते दारावर आलेल्या फेरीवाल्याला प्लास्टिकच्या टोपलीच्या बदल्यात देऊ नका. दोन ठिकाणी वजन करा, पितळ आहे की कासं हे पारखून घ्या. कासं वाजवलं तर घंटेसारखा लांब नाद देतं, आणि त्याचा भाव पितळेपेक्षा बराच जास्त असतो. मोडायचंच असेल तर भाव कळून मोडा. ठेवायचं असेल तर कल्हई करून वापरा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावानं दोन आकडे लिहून आणावेत. गावात चालू भाते किती, आणि खरीपात लागणारी हत्यारं किती. ते आकडे समोर आले की कोणत्या दोन-तीन गावांनी मिळून एक भट्टी धरायची हे आपल्याला इथंच बसून ठरवता येईल. एवढं काम या उन्हाळ्यात करू या.